‘दोन बोल्टचं काम’ म्हणणाऱ्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या बोटीच्या इंजिनाचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आम्ही बदलला, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. काम लांबलं, तुमची सुट्टी वाया गेली, त्याबद्दल माफी मागतो. तुम्ही नाराज होऊन गेलात हे आम्हालाही लागलंय.

पण त्यातलं एक वाक्य काही केल्या गिळता येत नाही. ‘दोन बोल्टचं काम, सेल्फ मी स्वतः आणून दिला होता, यांनी गरज नसताना सगळं वायरिंग बदलून बिल फुगवलं.’ उशीर झाला म्हणा, मालक तुसडा आहे म्हणा, ऐकून घेईन. बिल फुगवलं म्हणजे सरळ चोरच ठरवलंत मला. आमचा धंदा लोकांच्या तोंडी शब्दावर चालतो साहेब, जाहिरातीवर नाही.

दोन बोल्ट आहेत हे खरं. वरचा हाताला लागतो. खालचा एक्झॉस्टच्या मागे, दिसतही नाही, बोटांनी चाचपून पाना लावावा लागतो, आणि तुमच्या इंजिनात तो खाऱ्या हवेने ब्लॉकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाशी, एकजीव झाला होता. त्याला जोर लावला असता तर ब्लॉकमध्येच तुटला असता, मग इंजिन उचलून बाहेर काढायची पाळी. म्हणून तेल सोडून रात्रभर ठेवला. तुम्ही आणलेल्या सेल्फच्या पिनियनचे (पुढच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात आणि फिरण्याची दिशा जुन्याशी ताडून पाहिली, बरोबर होती. फ्लँजवर, म्हणजे सेल्फ इंजिनाला टेकतो त्या कडेवर, कंपनीचा रंग होता तो खरवडला, कारण तुमच्या इंजिनात सेल्फला अर्थ (करंटची बॅटरीकडे परतीची वाट) बॉडीतूनच मिळते. हे सगळं त्या ‘दोन बोल्ट’मध्येच धरलंय, त्याचा वेगळा पैसा लावलेला नाही.

आता वायरिंग. नवा सेल्फ बसवून चावी फिरवली तर इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि कण्हत राहिलं. बॅटरी तुमचीच, पूर्ण चार्ज, १२.६ व्होल्ट. मग खाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला, स्टॉपची दांडी ओढून धरली म्हणजे इंजिन उचलणार नाही (सुरू होणार नाही), आणि सेल्फ फिरत असताना मीटर लावला. बॅटरीच्या टोकांवर ११.२. सेल्फचा स्टड (जाड केबल लागते तो बोल्ट) आणि बॉडी यांच्यात ८.४. मधले २.८ व्होल्ट गेले कुठे? पॉझिटिव्ह बाजूला १.१ आणि अर्थच्या बाजूला १.७. म्हणजे मोठा चोर अर्थच्या बाजूला होता, जिकडे सहसा कुणी बघतच नाही. निगेटिव्ह केबल इंजिनाच्या पायाच्या बोल्टवर, रंगावरच कसली होती. मी तिचा लग (टोकाची कडी) कापला, वरचं रबर सोललं. आत तांबं नव्हतंच म्हणा ना, काळी भुकटी आणि हिरवे दाणे, चिमटीत घेतले तर गळून पडले. बाहेरून केबल नव्यासारखी दिसते, म्हणून तर कुणाला संशय येत नाही.

हे असंच ठेवून बोट तुमच्या ताब्यात दिली असती तर काय झालं असतं? इंजिन हळू फिरतं, उचलायला वेळ लावतं, माणूस चावी धरून बसतो, सेल्फ तापतो, सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) आतले कॉन्टॅक्ट जळतात. तुमचा पहिला सेल्फ असाच गेला. दुसराही गेला असता आणि तेव्हाही रिव्ह्यू माझ्याच नावावर आला असता.

म्हणून ३५ चौरस मिमीच्या केबल काढून ७० च्या, कथिलाचा मुलामा असलेल्या टाकल्या. अर्थ थेट सेल्फजवळच्या बोल्टवर आणली, रंग घासून. चावीपासून इंजिनापर्यंत येणारी बारीक वायर लांब आहे आणि मधल्या प्लगच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, त्यामुळे सोलेनॉइड कधीकधी नुसता ‘टक’ करायचा. तिथे इंजिनाजवळ रिले बसवला, म्हणजे चावीच्या थोड्या करंटवर सोलेनॉइडला पुरेसा करंट जोडणारा स्विच. आता दोन्ही बाजू मिळून ०.४ व्होल्ट पडतो. रिलेची मजुरी लावायची राहूनच गेली, बिल पुन्हा बघा.

‘न विचारता केलं’ असंही लिहिलंय. मी फोन केला होता. ‘ते तुमचं तुम्ही बघा, मला इंजिन चालू करून द्या’ हे तुमचे शब्द. मी ते होकार धरले. मीटरचे फोटोही पाठवले होते, ते पाहिल्याच्या निळ्या खुणा अजून आहेत.

आणि मी चारचौघांत ओरडलो म्हणता, ते. हो, ‘सोडा ती चावी!’ असं मी मोठ्याने म्हणालो. डिझेलच्या लाइनीत हवा होती, इंजिन उचलत नव्हतं, आणि तुम्ही चावी दाबूनच धरली होती. इंजिन न उचलता फिरत राहिलं की पंप समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये भरत राहतो आणि ते बाहेर ढकलायला धूर नसतो. एक्झॉस्टमधला पाण्याचा डबा भरला की पाणी मागे वळून थेट सिलिंडरमध्ये. तेवढ्या वेळात ‘कृपया’ म्हणायला सुचलं नाही. दहा सेकंद फिरवायचं, थांबायचं, सेल्फला गार होऊ द्यायचं. आणि फार वेळ उचललं नाही तर कॉक बंद करायचा. हे मी आधीही सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही फोनवर होता.

जुन्या सोलेनॉइडच्या दोन स्टडवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून सेल्फ मारल्याच्या जळक्या खुणा होत्या. तो विषय मी काढणार नव्हतो.

यापुढे जास्तीचं काम निघालं तर गिऱ्हाइकाकडून लेखी होकार घ्यायचा असं ठरवतोय, कागदपत्रांची सवय नाही पण बघू. बोलण्याकडेही लक्ष देऊ.

कापलेली केबल ठेवली आहे. बोटीवर या, तुमच्याच हातात मीटर देतो, स्वतः मोजा. रिव्ह्यूचे तारे बदला असं मी म्हणणार नाही. पण आकडे पटले तर ‘बिल फुगवलं’ हे दोन शब्द तेवढे काढा.