फुकटचं कच्चं, विकतचं पक्कं? नोटेशन सॉफ्टवेअरबद्दल फिरणारा एक सल्ला

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला वरचेवर फिरतो. शब्द बदलतात, मतलब तोच. स्वरलिपी लिहायचं म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर शिकाऊ पोरांपुरतं ठीक, आणि फुकट म्हणतात तरी शेवटी पैसे कापतातच. खरं काम करायचं तर फिनाले किंवा सिबेलियस घ्या, एकदा पैसे मोजले की जन्माची काळजी मिटली. मिडी किंवा म्युझिकएक्सएमएल या फाइलप्रकारांतून फाइल कुठेही जशीच्या तशी जाते. जुनी पीडीएफ टाकली की सॉफ्टवेअर स्वर आपोआप उतरवून घेतं. आणि आपली हिंदुस्तानी संगीताची भातखंडे लिपीही त्यातच होते. यातलं एकही विधान सांगितलंय तसं खरं नाही, आणि शेवटच्या विधानापायी लोकांचे सर्वांत जास्त तास वाया जातात.

“एकदा पैसे मोजले की जन्माची काळजी मिटली”

या यादीत फिनालेचं नाव अजून आहे, यावरूनच सल्ला किती शिळा आहे ते कळतं. १९८८ पासून चालत आलेलं फिनाले मेकम्युझिक कंपनीने २६ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केल्याचं जाहीर केलं. विक्री थांबली आणि जुन्या ग्राहकांना सवलतीत डोरिको हे दुसरं विकतचं सॉफ्टवेअर घ्यायला सांगण्यात आलं. वर्षभरानंतर नव्या संगणकावर ते सुरूच करता येणार नाही, असं आधी सांगितलं होतं; ओरड झाल्यावर ती अट मागे घेतली. पण नवी आवृत्ती निघणार नाही, म्हणजे पुढे कधीतरी विंडोज किंवा मॅकच्या एखाद्या अपडेटनंतर ते उघडेनासं होणार. हे काही स्वस्तातलं सॉफ्टवेअर नव्हतं. कितीतरी प्रकाशकांची आयुष्यभराची कामं त्यात आहेत.

सिबेलियस चालू आहे. पण २००६ साली ते अ‍ॅव्हिड कंपनीने विकत घेतलं आणि २०१२ मध्ये त्याचं लंडनचं ऑफिस बंद केलं, हेही लक्षात ठेवावं. तिथल्याच मंडळींना स्टाइनबर्ग कंपनीने घेतलं आणि त्यांच्या हातून २०१६ मध्ये डोरिको बाहेर आलं. थोडक्यात, मोजलेले पैसे सॉफ्टवेअरच्या आयुष्याची हमी देत नाहीत.

तुमच्याकडे फिनाले असेल तर ते चालतंय तोवर दोन गोष्टी करून ठेवा. एक, एक्स्पोर्टच्या मेनूतून अख्खा फोल्डर एकदम म्युझिकएक्सएमएलमध्ये बदलून घ्या. दोन, प्रत्येक रचनेची पीडीएफ त्याच नावाने शेजारी ठेवा. पीडीएफ कशाला, ते पुढे येईलच.

टिकाऊपणाची खरी कसोटी एकच: ज्यात फाइल बनवली ते सॉफ्टवेअर उद्या नसेल, तर फाइल वाचता येईल का? म्यूझस्कोरच्या फाइलचं एमएससीझेड हे शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत साध्या मजकुराची एक्सएमएल फाइल सापडते. कुठलाही टेक्स्ट एडिटर ती दाखवतो. लिलीपाँड या दुसऱ्या फुकट प्रोग्राममध्ये तर मूळ फाइलच मजकुराची असते. तुम्ही स्वर टाइप करता आणि प्रोग्राम त्याचं पान छापतो. दोन्हींचा सोर्स कोड खुला आहे, त्यामुळे एखादी कंपनी बुडाली म्हणून कुलूप लागत नाही.

फुकटवाल्यांनीही कॉलर ताठ करू नये. डिसेंबर २०२२ मध्ये म्यूझस्कोर ४ आलं तेव्हा ३ साठीचे बरेच प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) चालेनासे झाले, आणि ४ मध्ये सेव्ह केलेली फाइल ३.६ ‘नव्या आवृत्तीची आहे’ म्हणून परत पाठवतं. ग्रुपमधल्या एकाने अपडेट केलं की बाकीचे अडकतात. जुनी फाइल ४ मध्ये उघडली की आधी नाव बदलून वेगळी प्रत करा, मग हात लावा.

“फुकट म्हणतात, पण पैसे कापतातच”

हा गोंधळ नावामुळे होतो. म्यूझस्कोर डॉट कॉम ही स्वरलिप्या वाटून घेण्याची, डाउनलोड करण्याची वेबसाइट. तिथे सदस्यत्वाचे पैसे पडतात. प्रोग्राम वेगळा. तो म्यूझस्कोर डॉट ऑर्गवर मिळतो, हल्ली त्याला म्यूझस्कोर स्टुडिओ म्हणतात, आणि त्यासाठी ना खातं लागतं ना कार्ड. चुकीच्या दारातून आत जाऊन फुकटच्या ट्रायलला कार्डाचा नंबर द्यायचा आणि मग दोष प्रोग्रामला लावायचा, हा प्रकार फार चालतो. म्यूझ हब नावाचं जोड-अ‍ॅप आवाजांच्या मोठ्या संग्रहासाठी असतं. ते ऐच्छिक आहे. रॅम कमी असलेल्या जुन्या लॅपटॉपवर ते टाकूच नका; प्रोग्रामसोबत येणारा साधा साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) चुका पकडायला पुरतो.

मग विकतचं कधी घ्यावं? चित्रपटाच्या दृश्यावर संगीत बसवायचं असेल तर. सिबेलियस आणि डोरिकोमध्ये व्हिडिओ लावून काम करता येतं, म्यूझस्कोरमध्ये नाही. मोठ्या ऑर्केस्ट्राचे पार्ट वेगळे काढून रोज दुरुस्त करायचे असतील, किंवा प्रकाशक सिबेलियसचीच फाइल मागत असेल, तरीही. पण लिनक्स वापरत असाल तर हा वाद तिथेच संपतो, कारण ही दोन्ही तिथे येत नाहीत. आणि एकातून दुसऱ्यात उडी मारताना बोटांची सवयही मोडावी लागते: क्रॉचेटसाठी (पाव नोटेसाठी) म्यूझस्कोरमध्ये ५ दाबायचा, डोरिकोत ६ आणि सिबेलियसच्या नंबरपॅडवर ४.

“फाइल कुठेही जशीच्या तशी जाते”

मिडीचं तर बोलूच नका. ते १९८३ सालचं, वाद्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून केलेलं, कागदासाठी नव्हे. त्यात सूर म्हणजे एक आकडा. मधला सी ६०, त्याच्या पुढचा ६१. तो ६१ सी शार्प की डी फ्लॅट, हे मिडीला माहीतच नसतं. उघडणारा प्रोग्राम अंदाजाने ठरवतो. स्टॅकाटो, म्हणजे तोडून वाजवलेला सूर ‘छोटा सूर आणि छोटा विराम’ होऊन येतो. ठोक्याचा क्लिक न लावता हाताने वाजवलेलं असेल तर पानभर टाय (दोन नोटा जोडणाऱ्या कमानी) आणि बत्तिसाव्या भागाच्या नोटांची गर्दी होते. ते निस्तरण्यापेक्षा नव्याने लिहिलेलं बरं.

म्युझिकएक्सएमएल त्यामानाने गुणी. २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, आज सगळे मोठे प्रोग्राम ते वाचतात. सूर, लांबी, शब्द, स्लर नीट जातात. पानाची मांडणी मात्र हलते आणि काही ठिकाणी अर्थही. नेमकं काय तपासायचं? आधी एकूण बार, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेले मात्रांचे गट, मोजा. मग पुनरावृत्तीच्या खुणा आणि पहिला-दुसरा शेवट. मग ट्रिपलेट, ग्रेस नोट, एकाच ओळीवरचे दोन आवाज, दुसऱ्या कडव्याचे शब्द. शाळेच्या किंवा पोलीस बँडचं काम असेल तर बी फ्लॅट क्लॅरिनेट-ट्रम्पेटच्या ओळी दोनदा ट्रान्सपोझ झालेल्या (पट्टी बदलून लिहिलेल्या) नाहीत ना, हे पाहा. हे सगळं शेजारी ठेवलेल्या मूळ पीडीएफवरून ताडायचं. म्हणून ती पीडीएफ.

देवनागरी शब्दांची एक वेगळीच गंमत आहे. म्यूझस्कोरच्या ठरावीक एडविन फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून संगणक आपला कुठलातरी फाँट लावतो. दुसऱ्याच्या संगणकावर तो वेगळा असतो, मग शब्द एकमेकांवर चढतात. स्टाइलमध्ये जाऊन गीताच्या ‘ऑड’ आणि ‘ईव्हन’ अशा दोन्ही ओळींना नोटो किंवा निर्मला फाँट ठरवून द्या आणि गाणाऱ्यांना पीडीएफच पाठवा. शब्द युनिकोडमध्येच टाइप केलेले हवेत. जुन्या डीटीपी फाँटमधले चिकटवले तर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. अक्षर तोडतानाही जपा. ‘विठ्ठल’ हा ‘वि-ठ्ठ-ल’ असा तोडावा. ‘विठ्-ठल’ केलंत तर पहिल्या सुराखाली पाय मोडलेला ठ लटकतो आणि क्वायरमधला निम्मा वर्ग तिथेच अडखळतो. हायफनसह पूर्ण ओळ कॉपी करा, पहिला सूर निवडा, कंट्रोल-एल दाबा आणि मग कंट्रोल-व्ही दाबत राहा. दर वेळी एकेक अक्षर पुढच्या सुराखाली बसतं.

“पीडीएफ टाका, स्वर उतरतात”

ऑडिव्हेरिससारखे प्रोग्राम हे करतात, तेही फुकट. पण पान छापील, सपाट आणि ३०० डीपीआयला स्कॅन केलेलं हवं. मोबाइलने तिरका काढलेला फोटो, फिकी झेरॉक्स, हस्तलिखित यांत रेघाच नीट सापडत नाहीत, पुढचं दूरच. एकपदरी सुरावट असेल तर हाताने घालणं बहुतेक वेळा लवकर होतं. छापील भातखंडे लिपी तर यांच्या गावीही नाही.

“भातखंडे लिपीही त्यातच होते”

नाही होत. पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीचे हे प्रोग्राम ठरलेला सूर आणि बार धरून चालतात. भातखंडे लिपी म्हणजे मात्रांचा तक्ता, आणि तिचा सा जिथे धरू तिथला. म्यूझस्कोर, सिबेलियस किंवा डोरिकोमध्ये ती बसवायची म्हणजे स्वरांची नावं शब्दांच्या ओळीत टाइप करायची, नोटा लपवायच्या आणि पुढे प्रत्येक दुरुस्तीला तोच द्राविडी प्राणायाम. तक्ता करायचाच तर तो वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये करा.

तीनतालाला १६ रकाने. ए-४ कागद आडवा धरून दोन्हीकडे २ सेंमी समास सोडले तर २५.७ सेंमी उरतात, म्हणजे रकान्याला जेमतेम १.६. त्यातही वर्ड प्रत्येक खान्यात डावी-उजवीकडे ०.१९ सेंमी जागा सोडतं, ती शून्य करा. ऑटोफिट बंद करा, नाहीतर एका मात्रेत चार स्वर आले की तो रकाना फुगतो आणि सम सरकते. तीन ओळी घ्या: वर स्वर, मध्ये शब्द, खाली तालाच्या खुणा. १ वर सम, ५ वर दुसरी टाळी, ९ वर ‘खाली’ (टाळी नसलेला काल), १३ वर तिसरी टाळी. विभागाच्या रेघा जाड. झपतालाला १० रकाने, जाड रेघा २, ५ आणि ७ नंतर. एका मात्रेतले स्वर जोडणारी खालची चंद्रकोर ड्रॉइंगने काढू नका, मजकूर हलला की ती मागेच राहते. खाना हीच मात्रा, कोर नसली तरी चालतं. स्वर लांबवायला आडवी रेघ आणि शब्द लांबवायला अवग्रह ही पद्धत पाळा, आणि ऑटोकरेक्ट बंद ठेवा, नाहीतर दोन आडव्या रेघांची एकच लांब रेघ होऊन एक मात्रा गायब होते.

आता खरा घोटाळा. कोमल स्वराखालची रेघ बहुतेक जण कंट्रोल-यू दाबून काढतात. ती अक्षराचा भाग नसते, नुसती सजावट. व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवली की गळून पडते. भैरवाचे ‘सा रे॒ ग म प ध॒ नि सां’ पाठवलेत आणि समोर पोचले ‘सा रे ग म प ध नि सां’. भैरवाचा, सगळे शुद्ध स्वर असलेला बिलावल झाला, आणि पाठवणाऱ्याला पत्ताही नाही.

यावरचा उपाय युनिकोडातच आहे. वेदपाठाच्या स्वरचिन्हांसाठी ठेवलेल्या दोन खुणा इथे चपखल बसतात: अक्षराखालची आडवी रेघ, क्रमांक ०९५२, ती कोमलासाठी, वरची उभी रेघ, ०९५१, ती तीव्र मध्यमासाठी. विंडोजवरच्या वर्डमध्ये स्वर लिहा, लगेच पुढे हा क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाइप करा आणि ऑल्ट-एक्स दाबा. आकडे देवनागरी पडले तर काहीच होत नाही. मंद्राच्या (खालच्या सप्तकाच्या) टिंबासाठी नुक्ता, तारसप्तकासाठी (वरच्या) अनुस्वार. क्रम चुकवू नका: व्यंजन, नुक्ता, मात्रा, अनुस्वार, आणि कोमल-तीव्राची खूण सर्वांत शेवटी. मंद्र कोमल निषाद म्हणजे न, नुक्ता, इकार, मग रेघ: ऩि॒. नुक्ता इकारानंतर टाकलात तर टिंबाटिंबांचं वर्तुळ उमटतं. दर वेळी एवढी खटपट नको असेल तर बारा स्वर आणि त्यांची मंद्र-तार रूपं एकदा लिहून ऑटोकरेक्टमध्ये छोट्या खुणांना जोडून ठेवा.

बंदिश पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी हवी असेल तर मात्र पाच रेघांकडे जावंच लागतं. सा म्हणजे सी धरा. भैरवाला डी आणि ए एवढेच फ्लॅट लागतात. नेहमीच्या की सिग्नेचरांत (ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या चिन्हांत) फ्लॅट बी-ई-ए-डी या क्रमानेच वाढत जातात, त्यामुळे तयार चिन्हांत भैरव नाही. म्यूझस्कोरच्या मास्टर पॅलेटमध्ये आपली सिग्नेचर बनवता येते. बनवल्यावर एकदा वाजवून तपासा. झपतालासाठी १०/४ घेऊन वर २+३+२+३ असं दाखवता येतं. नवव्या मात्रेपासून उठणाऱ्या तीनतालाच्या चिजेला सुरुवातीला आठ मात्रांचा पिकअप बार (समेआधीचा अपुरा बार) द्या, नाहीतर सम पहिल्या शब्दावर जाऊन बसेल. मींडेसाठी (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी) ग्लिसांडोची रेघ ओढाल तर प्रोग्राम मधले अर्धस्वर एकेक करून वाजवतो, जिना उतरल्यासारखे. त्या रेघेवर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये प्रकार ‘पोर्टामेंटो’ करा.