महापौर वॉशिंग्टनकडे जातात, ती पळवाट नव्हे

लॉस एंजेलिसच्या महापौर कॅरन बॅस आणि इतर शहरांचे पदाधिकारी बेघरांसाठी केंद्र सरकारकडे नियमबदल मागतात, तेव्हा एक मजकूर हमखास फिरू लागतो. बेघरांचा प्रश्न शहराचा आहे, केंद्राचा त्यात संबंध नाही. शहरांनी पैसा उधळला आणि आता खापर वॉशिंग्टनवर फोडत आहेत. शिवाय घरे दिल्याने बेघर कमी होत नाहीत, त्यांना मनोरुग्णालयात ठेवले पाहिजे, असे त्याचे म्हणणे आहे.

केंद्राचा संबंध नाही, हे तर उघडच चूक आहे. अमेरिकेत गरिबांच्या घरभाड्याचा मुख्य आधार असलेली व्हाउचर केंद्राची असतात. भाडेकरूने उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे आणि उरलेले केंद्राच्या निधीतून यायचे. पात्र कुटुंबांपैकी जेमतेम चारातल्या एकाला ही मदत मिळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसने पाच वर्षांनी प्रतीक्षायादी उघडली, तेव्हा ३०,००० जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले आणि सोडत काढावी लागली. ही सोडत घरासाठी नव्हती, केवळ रांगेत उभे राहण्यासाठी होती.

नियमांचा जाच तर याहून खोल आहे. लष्करी सेवेत पूर्ण अपंगत्व आलेल्या एकट्या माजी सैनिकाला २०२४ मध्ये महिना सुमारे ३,७०० डॉलर भरपाई मिळत होती. ही भरपाई उत्पन्नात धरली जात असल्यामुळे, अगदी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राखलेल्या इमारतींत, म्हणजे बऱ्याचदा माजी सैनिकांसाठीच बांधलेल्या घरांत, तो अपात्र ठरत असे. इजा जितकी मोठी तितकी भरपाई जास्त, आणि भरपाई जास्त म्हणून घर नाही! बॅस यांच्यासह अनेकांनी पाठपुरावा केल्यावर, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने माजी सैनिकांच्या व्हाउचरची पात्रता ठरवताना ही भरपाई वगळण्याचा निर्णय घेतला. कागदपत्रांचेही तसेच. तंबू हटवताना ज्याची पिशवीच कचऱ्यात गेली, त्याने ओळखपत्र आणि उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा? माणूस आधी घरात जाऊ दे, कागद नंतर तपासू, ही सवलत लॉस एंजेलिसला २०२३ मध्ये मिळाली आणि तीही केंद्राकडूनच. शहराच्या सभागृहाने एकमताने ठराव केला असता, तरी या नियमांतला एक शब्दही हलला नसता.

पैशांबाबतच्या टीकेत मात्र तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या मतदारांनी बेघरांची घरे बांधण्यासाठी १२० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. त्यातून उभ्या राहणाऱ्या एकेका घराचा खर्च सरासरी सहा लाख डॉलरांच्या आसपास पोहोचला. शहराच्या निवासी जमिनीचा फार मोठा भाग केवळ एककुटुंबी घरांसाठी राखून ठेवणे, हाही शहराचाच दोष आहे. तो शहराने सुधारला पाहिजे. पण शहराची चूक दाखवून केंद्राचा नियम योग्य ठरत नाही.

घरे देऊन बेघर कमी होत नाहीत, या दाव्याला आकडेच उत्तर देतात. जानेवारी २०२४ च्या गणनेत देशात ७,७१,४८० लोक बेघर आढळले. वर्षभरातली वाढ १८ टक्के होती. त्याच गणनेत बेघर माजी सैनिक सुमारे ३२,९०० होते, तर २०१० मध्ये ते ७४,००० होते. शहरे तीच, भाडी तीच आणि व्यसनेही तीच असताना हा फरक पडला, कारण या एका गटासाठी केंद्राने व्हाउचर आणि सोबत उपचार व मदतनीस यांवर सातत्याने पैसे दिले. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरानेही २०११ पासून बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आणली आणि त्यामागे प्रामुख्याने केंद्राचाच निधी होता.

राहिली मनोरुग्णालयांची गोष्ट. मेडिकेड ही गरिबांची आरोग्ययोजना १९६५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मोठ्या मनोरुग्णालयांतील प्रौढांच्या उपचाराला तिचा केंद्रीय पैसा साधारणपणे मिळत नाही. आज १६ हून अधिक खाटांचे मनोरुग्णालय यात मोठे धरले जाते. राज्यांना यातून सूट मिळू शकते, पण तीसुद्धा वॉशिंग्टनकडेच मागावी लागते.