बेसबॉलवर भांडायचंय? आधी टीम ठरवा, तत्त्वं नंतर बघू

अमेरिकेत आलात, ऑफिसवाल्यांनी एकदा मॅचला नेलं, टोपी घेतलीत, आता तुम्ही पण बेसबॉल फॅन म्हणे. अभिनंदन. नियमांचं टेन्शन घेऊ नका, इन्फिल्ड फ्लाय रूल इथे जन्मलेल्यांनाही धड सांगता येत नाही. शिकायचं ते भांडण, आणि त्यातही कोणी चीटिंग केली यावरचं.

पहिली गोष्ट, आधी टीम पकडा, नीतिमत्ता मग तिच्या मापाने शिवून घ्या. सॅन फ्रान्सिस्कोचे असाल तर आपल्या बॅरी बॉन्ड्सचे ७६२ होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखे) म्हणजे नजर, मनगट, तपश्चर्या. लॉस एंजेलिसचे असाल तर निव्वळ स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याच्या ७५६ व्या होमरनचा बॉल, म्हणजे हँक एरनचा रेकॉर्ड मोडणारा, एका फॅशन डिझायनरने साडेसात लाख डॉलरला घेतला, लोकांचं ऑनलाइन मतदान घेतलं, आणि त्यावर चक्क फुली (*, म्हणजे ‘रेकॉर्ड संशयास्पद’) कोरून तो हॉल ऑफ फेमला, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या म्युझियमला, देऊन टाकला. बॉल आत गेला, मारणारा अजून बाहेर. याला तुम्ही न्याय म्हणायचं.

कोणी १९९८ काढलं तर आवाज हळवा करा. एका सीझनमध्ये मॅग्वायरचे ७० होमरन, सोसाचे ६६, खेळाडूंच्या संपानंतर रुसलेलं पब्लिक परत आलं, काय दिवस होते वगैरे. त्याच सीझनमध्ये मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रो या ताकद वाढवणाऱ्या गोळ्यांची बाटली एका पत्रकाराला दिसली, छापून आली, आणि लोक चिडले ते पत्रकारावर, ही आठवण कोणी करून दिली तर ‘तेव्हा चालत होतं’ एवढं पुरे. स्टेरॉइडवर बंदी १९९१ पासून कागदावर होती पण सापडल्यावर शिक्षा होईल अशी टेस्ट २००४ मध्ये आली, हे तुम्हाला माहीत असलं तरी बोलू नका, कारण पुढचा प्रश्न येतो की मधली तेरा वर्षं लीगचं ऑफिस काय करत होतं? त्यातली बहुतेक वर्षं कारभार बघणारे कमिशनर बड सीलिग २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. गल्ल्यावरचे शेठ आत, काउंटरवरचा पोऱ्या बाहेर. असो.

जुन्या लोकांना मात्र हात लावायचा नाही. बॉलला थुंकी-व्हॅसलीन लावणारा पिचर (बॉल टाकणारा) गेलॉर्ड पेरी मिश्कील होता, हॉल ऑफ फेममध्ये आहे. साठ-सत्तरच्या दशकात ड्रेसिंग रूममध्ये ‘ग्रीनीज’ नावाच्या उत्तेजक गोळ्या सर्रास चालायच्या, त्यांना कडक कॉफी समजा. आणि जुना होमरनसम्राट बेब रूथच्या काळात काळ्या पिचर्सना मेजर लीगमध्ये घेतच नव्हते, १९४७ पर्यंत, हा मुद्दा निघाला की उठून हॉटडॉग आणायला जा. आपला तो बाब्या.

होमरन वाढले का, यावर तर कारणांची कमीच नाही. २०१९ मध्ये ६७७६ पडले, रेकॉर्ड. शास्त्रज्ञांच्या समितीने सांगितलं की बॉलला हवेचा अडथळा कमी होतोय, शिवण जराशी खाली बसलीय, शिवाय बॅटरही बॉल उचलून मारायला लागलेत, मुद्दाम कोणी काही केलेलं नाही. तुमच्या बॅटरने मारले तर दुसरं कारण धरा, समोरच्याने मारले तर पहिलं. बॉल बनवणाऱ्या कंपनीत लीगचीच भागीदारी आहे, हे शेवटी, हळू आवाजात, भुवया उडवत. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकीजने टॉर्पेडो बॅट (मारायच्या जागी जास्त फुगीर) घेऊन एका मॅचमध्ये ९ होमरन हाणले तेव्हा देशभर बोंब झाली, त्यातले तीन मारणारा ॲरन जज साधीच बॅट वापरत होता, पण एवढं खोलात शिरलं तर भांडणार कधी?

न्यूजर्सीत राहत असाल तर यँकीज फॅन म्हणून ह्यूस्टनचा कचऱ्याचा डबा विसरायचा नाही. २०१७ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यातून समोरच्या पिचरला पुढचा बॉल कोणता ते सांगणाऱ्या खुणा चोरल्या, डबा बडवून बॅटरला सांगितल्या, प्लेअर्सना शिक्षा शून्य, त्या वर्षी जिंकलेली ट्रॉफी तशीच. रोज रडा. फक्त यँकीजलाही डगआउटच्या (खेळाडूंच्या बाकाजवळच्या) फोनच्या गैरवापरावरून एक लाख डॉलरचा दंड झाला होता तो ‘वेगळा विषय’ आहे.

आणि तुमचाच हिरो टेस्टमध्ये सापडला तर घाबरू नका. २०२२ मध्ये सॅन डिएगोचा तातीस ज्युनियर ८० मॅचेससाठी बसला, म्हणाला गजकर्णाच्या औषधातून आलं. परतल्यावर बाहेरच्या मैदानांवर हुर्यो, घरच्या मैदानावर टाळ्या. तेव्हा एक स्किन स्पेशालिस्ट आत्ताच बघून ठेवा.