२६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री काय होतं? काहीच नाही

२०२४ च्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. एवढं घसघशीत बहुमत असूनही मुख्यमंत्री कोण, ते काही ठरेना. त्याच दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला, मग नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या मित्रांच्या. खाली 'वकिलाकडून तपासून घेतलंय' अशी पुस्तीही होती. मजकूर थोडक्यात असा: २६ तारखेला मध्यरात्री विधानसभेची मुदत संपते. तोवर शपथविधी झाला नाही तर संविधानानुसार राष्ट्रपती राजवट आपोआप लागते. काळजीवाहू मुख्यमंत्र्याच्या सहीला किंमत नसते. शपथ घेतली नाही तोवर आमदार हा आमदारच नसतो. सगळ्यात मोठ्या पक्षाला पहिलं बोलावणं हा त्याचा हक्क आहे. आणि एकदा राष्ट्रपती राजवट लागली की विधानसभा बरखास्त, पुन्हा निवडणूक.

सहा वाक्यं आहेत. तारीख सोडली तर एकही धड नाही.

'आपोआप लागते.' मेसेजचा सगळा डोलारा या शब्दावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. राष्ट्रपती राजवट कलम ३५६ मधून येते आणि त्या कलमात तारखेचा उल्लेखच नाही. राज्याचा कारभार संविधानाप्रमाणे चालवणं अशक्य झालंय, अशी राष्ट्रपतींची खात्री पटावी लागते. ती राज्यपालांच्या अहवालावरून पटेल किंवा अन्य मार्गाने. मग केंद्रीय मंत्रिमंडळाची शिफारस, राष्ट्रपतींची सही, उद्घोषणा. यातली प्रत्येक पायरी कुणीतरी माणूस चढतो. घड्याळाचे काटे चढत नाहीत.

यावर ग्रुपमधल्या एका काकांचा सवाल होता, 'मग २०१९ ला कशी लागली?' सवाल रास्त आहे, आणि उत्तर त्यांच्याच विरोधात जातं. तेव्हा निकाल २४ ऑक्टोबरला लागला होता. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. जुन्या विधानसभेची मुदत ९ नोव्हेंबरला संपली. फडणवीसांनी ८ तारखेला राजीनामा दिला आणि राज्यपालांच्या सांगण्यावरून ते काळजीवाहू राहिले. ९ ची मध्यरात्र उलटली. काही लागलं नाही. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी भाजपला विचारलं, भाजपने १० तारखेला नकार दिला. मग शिवसेनेला विचारलं, तिने मुदत वाढवून मागितली, ती मिळाली नाही. मग राष्ट्रवादीला विचारलं. त्या पक्षाला दिलेली वेळ पुरी व्हायच्या आतच अहवाल दिल्लीला गेला आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली. राज्यपालांनी घाई केली की नाही यावर वाद घालता येईल, माझ्या मते केली. पण घाई करता आली याचाच अर्थ निर्णय त्यांच्या हातात होता. आपोआप लागणाऱ्या गोष्टीत घाई कुणाला करता येत नाही.

आणि ही २६ नोव्हेंबर तारीख मुळात आली कुठून? कलम १७२ म्हणतं, विधानसभेची पाच वर्षं तिच्या पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या तारखेपासून मोजायची. निकालापासून नाही, सरकारच्या शपथविधीपासूनही नाही. २०१९ मध्ये सरकार कुणाचं याचा घोळ महिनाभर चालला, सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर २७ नोव्हेंबरला सदनाची पहिली बैठक भरून आमदारांच्या शपथा झाल्या. म्हणून २०२४ ला शेवटचा दिवस २६ नोव्हेंबर. जुन्या सदनाची मुदत संपल्यावरही सरकार जुळवण्याचा खेळ रीतसर चालू राहतो, याचा पुरावा ही तारीखच आहे. मेसेजवाल्याने नेमकी तीच पुराव्यादाखल दिली, हे मला फार आवडलं.

२०२४ ला पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. एकनाथ शिंदेंनी २६ तारखेला राजीनामा दिला, काळजीवाहू म्हणून राहिले, आणि ५ डिसेंबरला आझाद मैदानावर फडणवीसांचा शपथविधी झाला. मध्ये नऊ दिवस गेले. राष्ट्रपती राजवट लागली नाही. मेसेज मात्र ४ डिसेंबरलाही फिरत होता.

'शपथ घेतली नाही तोवर आमदार नाही.' याचंच भावंड म्हणजे 'मुदत संपल्यावर राज्यात विधानसभाच उरत नाही'. दोन्हींना उत्तर एकच, लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ७३. निकाल लागले की निवडणूक आयोग निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात प्रसिद्ध करतो आणि त्या क्षणी नवी विधानसभा रीतसर गठित झाली असं कायदा मानतो. जुनीची मुदत त्याने कमी होत नाही, हेही त्याच कलमात आहे. २०२४ ला ही यादी २४ नोव्हेंबरलाच राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांच्या हातात पडली होती. म्हणजे २६ च्या रात्री जुनी संपली तेव्हा नवी दोन दिवसांची होती. पोकळी कसली?

शपथेशिवाय काय करता येत नाही, तेही संविधानात स्पष्ट आहे. सदनात बसता येत नाही, मत देता येत नाही. बसलात तर कलम १९३ खाली दिवसाला ५०० रुपये दंड. (१९५० सालचे ५०० रुपये, अजून तेच आहेत.) पण निवडून आलेला माणूस विधिमंडळ पक्षाचा नेता निवडू शकतो, पाठिंब्याच्या पत्रावर सही करू शकतो. तसं नसतं तर आजवर देशात एकही नवं सरकार बनलं नसतं, कारण मुख्यमंत्र्याचा शपथविधी बहुतेक वेळा आमदारांच्या शपथांच्या आधीच होतो.

बिहारमध्ये हा मुद्दा पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. फेब्रुवारी २००५ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, मार्चमध्ये राष्ट्रपती राजवट आली, आणि सदनाची एकही बैठक न होता मे महिन्यात विधानसभा बरखास्त झाली. आमदारांनी शपथ घेतलेली नव्हती. जी विधानसभा भरलीच नाही ती बरखास्त कशी करता, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने सांगितलं की अधिसूचना निघाली तेव्हाच विधानसभा अस्तित्वात आली, बैठकीची गरज नाही. बरखास्तीची उद्घोषणा मात्र दुसऱ्या कारणांसाठी घटनाबाह्य ठरवली. त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही म्हणा, कारण सविस्तर निकाल जानेवारी २००६ मध्ये आला आणि तोवर नव्या निवडणुका होऊन नितीश कुमार मुख्यमंत्री झाले होते.

'काळजीवाहूच्या सहीला किंमत नाही.' संविधानात काळजीवाहू हा शब्दच नाही. राज्यपालांना सल्ला द्यायला मंत्रिमंडळ असेल, एवढं कलम १६३ सांगतं. राजीनामा दिलेल्या मुख्यमंत्र्याला राज्यपाल पुढची व्यवस्था होईपर्यंत थांबायला सांगतात, आणि तोवर तो कायद्याने मुख्यमंत्रीच असतो. धोरणात्मक मोठे निर्णय घेऊ नयेत, हा संकेत आहे आणि चांगला संकेत आहे. पण पगाराची बिलं, पूर, दंगल, न्यायालयातली प्रतिज्ञापत्रं थांबत नाहीत, आणि त्यांच्यावरची सही पूर्ण चालते.

'सगळ्यात मोठ्या पक्षाचा हक्क.' हा गैरसमज पक्षांनीच जोपासलाय. जो पक्ष मोठा ठरतो त्याला तो हक्क वाटतो, आणि पुढच्या राज्यात तोच पक्ष दुसरा आला की आकड्यांची बेरीज महत्त्वाची ठरते. कलम १६४ फक्त म्हणतं, मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतील आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील. म्हणजे बहुमत टिकवू शकेल असा माणूस शोधायचा. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने क्रम सुचवला होता. बहुमत असलेली निवडणूकपूर्व आघाडी आधी, मग इतरांच्या पाठिंब्यासह दावा करणारा सर्वात मोठा पक्ष, मग निकालानंतर जुळलेली आघाडी. शिफारस आहे, कायदा नव्हे.

गोव्यात २०१७ ला ४० पैकी काँग्रेसचे १७ आणि भाजपचे १३ आले. राज्यपाल मृदुला सिन्हा यांनी भाजपच्या मनोहर पर्रीकरांना बोलावलं, काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने सांगितलं की सदनात मोजा. १६ मार्चला २२ विरुद्ध १६ असं बहुमत सिद्ध झालं. आपल्याकडे १९७८ ला जनता पक्ष ९९ जागा घेऊन पहिला होता आणि सरकार केलं ६९ आणि ६२ वाल्या दोन काँग्रेसनी मिळून, वसंतदादा पाटलांच्या नेतृत्वाखाली. २००४ ला राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९, तरी मुख्यमंत्री काँग्रेसचे विलासराव देशमुख. हे सगळं डोळ्यांदेखत घडलेल्या पिढीनेच हा मेसेज पुढे ढकलावा, याचं जरा नवल वाटतं.

'राजवट लागली की विधानसभा बरखास्त.' २०१९ ला लागली ती ११ दिवस टिकली. विधानसभा निलंबित अवस्थेत होती, म्हणूनच २३ नोव्हेंबरच्या पहाटे राजवट उठवून सकाळी फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी उरकता आला. सरकार जेमतेम चार दिवसांचं ठरलं. २६ ला न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी उघड मतदानाने बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं, तेव्हा आधी अजित पवारांनी आणि मग फडणवीसांनी राजीनामा दिला. २८ ला उद्धव ठाकरेंनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली, त्याच विधानसभेच्या जोरावर, नवी निवडणूक न होता. ते तर तेव्हा कुठल्याच सदनाचे सदस्य नव्हते, सहा महिन्यांत निवडून यायच्या सवलतीवर होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालापासून नियम असा की संसदेच्या दोन्ही सभागृहांनी उद्घोषणेला मंजुरी देईपर्यंत विधानसभा बरखास्त करता येत नाही, फक्त निलंबित ठेवता येते.

आता मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. त्याच्या मनातली चीड खोटी नव्हती. २३० आमदार हाताशी असताना बारा दिवस नवं सरकार नाही, हे लोकांनी का सोसावं? राज्यपालांनी किती दिवस वाट पाहावी याला संविधानात खरोखरच मुदत नाही. २०१९ ला एका पक्षाला वेळ वाढवून मिळाली नाही आणि २०२४ ला कुणी वेळ विचारलीसुद्धा नाही. दोन्ही वेळा कायदा तोच होता. ही ढिलाई आहे, आणि तिच्याबद्दल बोलायला हवं. पण त्यासाठी नसलेली मुदत संविधानाच्या नावावर खपवली की राज्यपालांना जाब विचारायची वेळच येत नाही, कारण मग सगळं 'आपोआप' झालेलं असतं.

सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ ला झाली. ती मधेच बरखास्त झाली नाही तर पुढच्या खेपेला मेसेजमध्ये तारीख ६ डिसेंबर २०२९ अशी बदलून घ्यावी.