पसरणी घाटात ११८ दाखवणाऱ्या मीटरबद्दल

नमस्कार साहेब,

तुम्ही दिलेला एक स्टार पाहिला आणि त्याखालचं सगळं वाचलं. इतरांनाही कळावं म्हणून तुमच्या तक्रारी आधी थोडक्यात सांगतो. ऑटोमॅटिक पिकअपला गिअरबॉक्स तेलाचं टेंपरेचर मीटर बसवल्यापासून पसरणीत काटा ११८ वर जातो, आणि त्याच वेळी मोबाइलच्या ॲपवर ९२ दिसतात. सेन्सर गिअरबॉक्सच्या तेलाच्या चेंबरला न लावता पाइपला लावला. वरून एक काळी वायर जोडून जुगाड केला, सेन्सरच्या आट्यांना टेप गुंडाळली नाही. एवढ्याशा कामाला दिवस घालवला आणि तेलाचे पैसे वेगळे घेतले. आता कटकट नको म्हणून तुम्ही वायरच काढून टाकणार आहात. बाकी राग समजू शकतो, पण ही शेवटची ओळ वाचून काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहितोय.

साहेब, ९२ पण खरे आणि ११८ पण खरे. ॲप कंपनीच्या सेन्सरवरून आकडा घेतं. तो गिअरबॉक्सच्या आत असतो आणि तिथल्या तेलात कूलरमधून थंड होऊन परत आलेलं तेल मिसळलेलं असतं. आपला सेंडर, म्हणजे मीटरला आकडा पाठवणारा सेन्सर, कूलरकडे जाणाऱ्या लाइनवर आहे. टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) नुकतंच तापून निघालेलं तेल तो मोजतो. खताची पोती भरून वाईहून पाचगणीकडे चढताना वेग कमी असतो, कन्व्हर्टर लॉक होत नाही. मग इंजिनची ताकद तेलातूनच पुढे जाते आणि त्यातली बरीचशी उष्णता होऊन तेलात उतरते. ती आधी या लाइनवर दिसते, चेंबरमधलं तेल तापायला वेळ लागतो. गाडी आणलीत तेव्हा तेल तपकिरी झालं होतं, करपल्याचा वास तुम्हीही घेतला होता. डॅशबोर्डवरचा दिवा मात्र एकदाही लागला नव्हता, असं तुम्हीच सांगितलंत. म्हणूनच ही जागा निवडली. चेंबरला लावायचं तर सगळं तेल काढून, चेंबर उतरवून, भोक पाडून बॉस (सेंडर बसवायची आट्यांची बैठक) वेल्ड करावा लागतो. खर्च जास्त, आणि काटा हलायला उशीर.

आता त्या काळ्या वायरबद्दल. आपला सेंडर एका वायरचा आहे, त्याची अर्थ (करंट परत जायची वाट) त्याच्या बॉडीतून, आट्यांमधून मिळते. सेंडर ज्या पितळी टीमध्ये (तीन तोंडांच्या जोडात) बसलाय ती टी रबरी होजच्या मध्ये आहे. रबरातून अर्थ येत नाही, म्हणून टीला क्लॅम्प मारून वायर थेट चासीला घेतली. ती ढिली झाली किंवा आट्यांवर टेपचे वेढे चढवले तर रेझिस्टन्स वाढतो, आणि या सेंडरचा स्वभाव असा की रेझिस्टन्स वाढला की मीटर तापमान कमी दाखवतं. तेल उकळत असताना काटा ८० वर निवांत बसलेला दिसेल! टेपऐवजी आट्यांना लिक्विड सीलंट लावलंय, तेही सुरुवातीचे आटे मोकळे सोडून.

वेळेचं म्हणाल तर, गरम गिअरबॉक्सची लाइन खोलली तर हात भाजतो. तुमच्या गाडीला डिपस्टिक नाही, त्यामुळे शेवटी लेव्हल कंपनीने दिलेल्या तापमानालाच, इंजिन चालू ठेवून बघावी लागते. त्यासाठी गाडी पूर्ण गार होऊ द्यावी लागली. लाइन कापताना सांडलं तेवढंच तेल भरलं आणि तेवढंच बिलात लावलंय.

घाटात काटा ११५-१२० ला टेकून सपाटीला आल्यावर उतरत असेल तर गाडी चालवत राहा. सपाटीलाही उतरला नाही, किंवा १३० च्या वर जाऊन तिथेच राहिला, तर बाजूला घ्या. इंजिन बंद करू नका, कारण तेल फिरवणारा पंप इंजिनवरच चालतो. न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा आणि आयडलपेक्षा थोडा जास्त रेस दोन-तीन मिनिटं ठेवा, काटा खाली येताना दिसेल. एसटीच्या मागे अडकलात तर चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. गिअरबॉक्स तापवायला याच्याइतकी वाईट सवय दुसरी नाही.

तरी मनात शंका असेल तर गाडी भरलेली असेल त्या दिवशी या. मी स्वतः शेजारी बसतो, स्कॅनर लावून पसरणी चढू आणि दोन्ही आकडे सोबत बघू. त्याचे पैसे नाहीत. एवढा लोड रोजचाच असेल तर जादा कूलर बसवायचा का, हेही त्या आकड्यांवरूनच ठरवू. तोपर्यंत ती काळी वायर काढू नका, आणि भरलेली गाडी घाटात नुसती डी वर सोडू नका. मॅन्युअलला घेऊन खालच्या गिअरमध्येच चढवा.

– गॅरेज मालक, सातारा