छोटे मातीचे धरण म्हणजे निर्धोक तळे नव्हे

मातीच्या छोट्या धरणांविषयीचा एक संदेश सध्या हातोहात पसरतो आहे. त्याचा आशय असा की, आठ-दहा मीटर उंचीचे मातीचे धरण नावापुरते धरण असते, प्रत्यक्षात ते तळेच. इतकी वर्षे टिकले म्हणजे ते पक्के आहे. तेव्हा सांडव्यावर, म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर वाहून जाण्याच्या वाटेवर, फळ्या टाकून पातळी फूटभर वाढवावी, मासे निसटू नयेत म्हणून तेथे जाळी बसवावी, भरावावर सावलीची झाडे लावावीत, पाझर दिसला तर चिकणमातीने बुजवावा, आणि पोहण्यासाठी व नौकाविहारासाठी जलाशय निर्धास्त खुला करावा, कारण तेथील पाणी नदीसारखे वाहते नसते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. परंतु यातील बहुतेक सूचना अमलात आणल्या तर धडधाकट धरणही बिघडेल, आणि त्याची किंमत काठावर सहलीला आलेल्यांना व धरणाखाली राहणाऱ्यांना मोजावी लागेल. म्हणून प्रत्येक मुद्द्याचा स्वतंत्र विचार करणे भाग आहे.

पहिला मुद्दा लहानपणाचा. आंतरराष्ट्रीय मोठी धरणे आयोगाच्या व्याख्येनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच धरण मोठे मानले जाते, आणि ५ ते १५ मीटर उंचीचे धरणही ३० लाख घनमीटरांहून अधिक पाणी साठवत असेल तर मोठ्यांत धरले जाते. ही वर्गवारी आकाराची आहे, धोक्याची नाही. धोका ठरतो तो धरणाखाली काय आहे यावरून. एक हेक्टर पसरलेल्या आणि सरासरी तीन मीटर खोल असलेल्या साठ्यातसुद्धा ३०,००० टन पाणी असते, आणि धरण फुटल्यावर ते सावकाश ओसरत नाही, भिंतीसारखे चालून येते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात केली बार्न्स नावाचे सुमारे १२ मीटर उंचीचे मातीचे धरण होते. तेथील वीजनिर्मिती १९५७ साली बंद झाल्यावर जलाशय केवळ करमणुकीसाठी राहिला होता. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर ते फुटले आणि खालच्या बाजूच्या महाविद्यालयाच्या परिसरात झोपलेली माणसे पाण्यात सापडली. ३९ जण मृत्युमुखी पडले.

‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद ऐकायला भक्कम वाटतो, पण मातीच्या भरावाचे वय हा त्याच्या मजबुतीचा दाखला नव्हे. आतली विमोचकाची, म्हणजे तळातून पाणी सोडण्याच्या दाराची, नळी गंजते, सांधे उघडतात, भराव दबून माथ्यावर एखादी जागा खोल जाते, घुशी आणि खेकडे बिळे करतात. अमेरिकेच्याच कोलोरॅडो राज्यातील लॉन लेक धरण १९०३ साली बांधलेले आणि जेमतेम ८ मीटर उंच होते. १५ जुलै १९८२ रोजी, म्हणजे ७९ वर्षांनी, विमोचकाच्या नळीचा सांधा निकामी झाल्यामुळे आतून माती वाहून ते फुटले. मृत्यू पावलेले तिघेही राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून राहिलेले पर्यटक होते.

आता सर्वांत घातक सूचनेकडे, म्हणजे सांडव्याकडे वळतो. सांडवा ही धरणातली रिकामी पडलेली जागा नाही. मातीच्या धरणाचे आयुष्य त्याच जागेवर अवलंबून असते. काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी वाहिले तरी ती बहुधा तग धरते, मातीच्या भरावाला ती मुभा नाही. माथ्यावरून वीतभर पाणी वाहू लागले की खालच्या उतारावर त्याचा वेग वाढत जातो. जेथे गवत विरळ असते किंवा उताराचा कोन बदलतो तेथे पहिला ओघळ पडतो, ओघळाची पायरी होते, आणि ती पायरी मागे मागे सरकत माथ्याला भिडते. एकदा माथा कापला गेला की खिंडार रुंदावण्याचे काम साठलेले पाणीच करते. अमेरिकेतील धरणफुटीच्या घटनांपैकी साधारण एक तृतीयांश घटना पाणी माथ्यावरून वाहिल्यामुळे घडलेल्या आहेत.

फूटभर फळीने काय होते, याचा हिशेब अवघड नाही. सांडव्यावरून वाहणारे पाणी त्यावरील पाण्याच्या उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात असते. मोठ्या पुरात सांडव्यावरून एक मीटर उंचीचे पाणी जावे असा आराखडा असेल आणि आपण ३० सेंटिमीटरची फळी बसवली, तर त्याच कमाल पातळीला ७० सेंटिमीटरच उरतात आणि वहनक्षमता सुमारे ५९ टक्क्यांवर येते. उंची तीस टक्क्यांनी घटली, तर पूर वाहून नेण्याची ताकद चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. जाळीचे आणखी वाईट आहे, कारण पुराबरोबर काटक्या, पाने, जलपर्णी नेमकी त्याच वेळी येऊन अडकतात, ज्या वेळी सांडवा पूर्ण मोकळा असायला हवा. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क धरणाचा जलाशय एका खासगी मंडळाने मासेमारी आणि सहलींसाठी घेतला होता. घोडागाड्या सहज जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवण्यात आला, मासे अडवण्यासाठी सांडव्यावर जाळ्या बसवल्या गेल्या, आणि तळातून पाणी सोडण्याचे नळ पूर्वीच काढून टाकलेले होते. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून वाहिले, धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरातील २,२०० हून अधिक माणसे मेली. आज पसरणाऱ्या संदेशातली जाळीची सूचना नेमकी हीच आहे, म्हणून ती वाचताना मन अस्वस्थ होते.

झाडांच्या मुद्द्यावर अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण मुळे माती धरून ठेवतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. डोंगरउतारावर ते खरे आहे. धरणाच्या भरावात मात्र झाड वादळात उन्मळले तर मुळांबरोबर मातीचा मोठा गोळा निघून खड्डा पडतो, आणि झाड वाळले तर कुजलेली मुळे पाण्याला आयत्या वाटा करून देतात. शिवाय झाडोऱ्याखाली ओल दिसत नाही, बिळे दिसत नाहीत. भरावावर आखूड, दाट गवत असावे. आधीच वाढलेले मोठे झाड मात्र घाईने तोडून मुळे तशीच आत सोडू नयेत. ते काम अभियंत्याच्या सल्ल्याने, खड्डा थराथराने दाबून भरत करावे.

पाझराबाबत संदेशातील सल्ला उलटा आहे. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडे पाणी झिरपतेच, आणि ते सुरक्षित वाटेने बाहेर पडावे म्हणून पायथ्याशी निचऱ्याची सोय केलेली असते. प्रश्न पाझर आहे की नाही हा नसून पाझराबरोबर माती येते का, हा आहे. काचेच्या स्वच्छ बरणीत ते पाणी भरावे, उजेडात धरावे आणि अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी बारीक गाळाचा थर बसला, तर धरण आतून पोखरले जात आहे असे समजावे. पायथ्याजवळ पाणी उकळल्यासारखे वर येत असेल आणि त्याभोवती मुंग्यांच्या वारुळासारखे बारीक वाळूचे कडे जमले असेल, तर तो अधिकच गंभीर इशारा आहे. अशा तोंडावर चिकणमातीचा गोळा थापला तर पाणी थांबत नाही. आतला दाब वाढतो आणि ते दुसरीकडून, बहुधा अधिक जोराने फुटते. तातडीचा उपाय म्हणून तेथे आधी जाड वाळू, तिच्यावर खडी आणि वर मोठा दगड असे थर टाकतात, म्हणजे पाणी निघून जाते पण माती अडते; आणि त्याच वेळी जलाशयाची पातळी उतरवायला घेऊन खालच्या वस्तीला सावध करतात. पातळीसुद्धा बेताबेताने उतरवावी लागते, कारण भिजलेल्या भरावाला पाण्याचा आधार एकदम नाहीसा झाला की पाण्याकडील उतार घसरू शकतो. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ रोजी फुटले, तेव्हा तेथील गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

राहिला शांत पाण्याचा मुद्दा. भरावासाठी लागणारी माती पुष्कळदा जलाशयाच्या पोटातूनच काढलेली असते, त्यामुळे कमरेइतक्या पाण्यात चालणाऱ्याच्या पायाखाली अचानक दोन पुरुष खोल खड्डा येऊ शकतो, आणि गढूळपणामुळे तो दिसत नाही. तळाच्या गाळात पाय रुततात. वरचे पाणी कोमट असले तरी खालचा थर थंड असतो, आणि त्या थंडीने पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडखळतो. सर्वांत फसवे असते ते विमोचकाचे तोंड, कारण दार उघडे असतानाही पृष्ठभागावर लाटसुद्धा उमटत नाही. पाच मीटर खोलीवरचे ६० सेंटिमीटर व्यासाचे तोंड माणसाच्या अंगाने अडले, तर त्याच्यावर सुमारे १,४०० किलोचा दाब येतो. कोणताही सोबती त्याला ओढून काढू शकत नाही. दार बंद करणे हाच एक मार्ग उरतो, आणि दाराची किल्ली त्या वेळी काठावर क्वचितच असते.

या जलाशयांत करमणूक होऊच नये, असे माझे म्हणणे नाही. विमोचक आणि सांडव्यापासून दूर, काठ उथळ व तळ मोजलेला असेल अशा जागी तरंगत्या दोऱ्यांनी आखलेला पोहण्याचा भाग असावा; लाटांनी पाण्याकडील उतार कापला जाऊ नये म्हणून इंजिनाच्या नावा तेथे नसाव्यात किंवा त्या उतारावर दगडी अस्तर शाबूत असावे; माथ्यावर मोटारसायकली नेऊ नयेत, कारण चाकोरीत साचलेले पाणी ओघळ पाडते आणि खचलेल्या जागीच पूर सर्वांत आधी माथा ओलांडतो. पावसाचा जोर वाढला की पोहणे बंद, आणि विमोचक उघडण्यापूर्वी पाण्यात कोणी नाही याची खात्री डोळ्यांनी करून घ्यायची, ही जबाबदारी एका ठरलेल्या माणसाकडे असावी आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक काठावरच्या फलकावर लिहिलेला असावा.