‘ही मुले जूनमध्ये जाणारच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

देवगडकडच्या आंब्याच्या बागांत राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबांच्या मुलांवर मी लिहिलेल्या लेखावर आपण जी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तिच्याबद्दल प्रथम मनापासून आभार. आपण स्वतः पालक आहात आणि आपले मूल गावातल्या मराठी शाळेतच जाते, त्यामुळे आपल्या शब्दांना वजन आहे. आपले तीन आक्षेप मी असे समजले आहे. ही मुले जूनमध्ये निघून जाणारच, तेव्हा शिक्षकांनी त्यांच्यावर घातलेला वेळ इथल्या मुलांच्या वाट्यातून जातो. त्यांची तुलना मी मुंबईच्या चाकरमान्यांशी केली ती चुकीची आहे, कारण आपली माणसे आपल्याच राज्यात आणि आपल्याच भाषेत गेली. आणि ‘पोर अस्सल मालवणी बोलू लागले, म्हणजे ते आपले झाले’ हे माझे वाक्य भाबडे आहे.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तो मला पूर्ण मान्य आहे. आपण विचारलेत, ‘ते मालवणी बोलले नसते, तर ते कोणाचे राहिले असते?’ या प्रश्नाने मला शिक्षिकेच्या नोकरीच्या काळातली माझी एक चूक आठवली. एका राखणदाराच्या मुलाला शाळेत दाखल करताना मी त्याचे नाव आपल्या पद्धतीने, म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा तीन रकान्यांत लिहिले. त्याच्या नावात ‘बहादूर’ हा शब्द होता. नेपाळी नावांत तो मुलाच्या स्वतःच्याच नावाचा भाग असतो, हे मला ठाऊक नव्हते. मी तो वडिलांच्या रकान्यात टाकला आणि वडिलांचे खरे नाव नोंदवायचे राहूनच गेले. चार वर्षे हजेरी त्याच नावाने झाली. पुढे शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ते कुटुंब गावी गेले, तेव्हा दाखल्यावरचे नाव वडिलांच्या कागदपत्रांशी जुळेना, आणि मुलाला तिथे पुन्हा खालच्या वर्गात बसावे लागले. त्या मुलाने माझ्याकडून चार वर्षांत मालवणीही उचलली आणि मराठीही. पण जाताना माझ्या हातचा जो एकमेव कागद त्याच्याजवळ होता, त्यावर तो दुसराच कोणीतरी होता. आपलेपणाची जी कसोटी मी लेखात लावली, तिच्यात तो पहिला आला असता. म्हणूनच ती कसोटी चुकीची आहे.

आता जूनचा मुद्दा. ही माणसे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतात, मोहोराची फवारणी, माकडांपासून राखण आणि तोड पार पाडून पावसाच्या तोंडावर परततात. बंदरांवरच्या नेपाळी खलाशांचेही असेच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होडीवर काम नसते. आपली शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, तर नेपाळमधले शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला. याचा अर्थ, हे मूल दोन्ही देशांत वर्ग सुरू झाल्यावर पोहोचते, आणि इथले वर्ष संपेपर्यंत थांबले तरी तिथले वर्ष मध्येच सोडून उठते. आपण याला ‘फुकट गेलेला वेळ’ म्हणता. मला मात्र यात दोन अर्धी वर्षे दिसतात. ती एकमेकांना जोडली तर एक वर्ष होते, आणि न जोडल्यास दोन्ही वाया जातात. महाराष्ट्रात ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक देतात, ज्याच्या आधारे पुढच्या गावच्या शाळेने मुलाला त्याच्या वर्गात बसवून घ्यायचे असते. सीमेपलीकडच्या शाळेला असे पत्रक बांधील नाही, हे खरे. पण मूल कुठपर्यंत वाचते आणि कोणती गणिते सोडवते, एवढे लिहिलेला एक कागद वडिलांच्या हाती देण्याला कोणाची परवानगी लागत नाही.

‘ती आपली नागरिकही नाहीत’ असे आपण ओघात लिहिलेत. आईवडील दोघेही नेपाळी नागरिक असतील तर आज इथे जन्मलेले मूलही जन्माने भारतीय ठरत नाही, हे बरोबर आहे. परंतु २००२ मध्ये राज्यघटनेत आलेल्या कलम २१-क मध्ये सहा ते चौदा वर्षांच्या ‘सर्व बालकांना’ मोफत आणि सक्तीचे शिक्षण असा शब्द आहे, ‘नागरिकांना’ असा नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नसला किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश अडवता येत नाही. तेव्हा त्यांना वर्गात घेणे हा माझा किंवा कोणा शिक्षकाचा उदारपणा नव्हे.

चाकरमान्यांची उपमा तोकडी पडली, हे मी मानते. त्याऐवजी मी कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाकडे पाहायला हवे होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्या पूर्वजांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले, आणि ते ज्या गावांत राहिले त्या गावांची नावे त्यांची आडनावे झाली : पेणकर, रोहेकर, किहीमकर. १९४८ नंतर यांतली पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली. तिथे धर्मपीठाने त्यांचे विवाह इतर ज्यूंशी लावताना त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेतली, आणि १९६४ मध्ये तो वाद मिटेपर्यंत त्यांना आंदोलन करावे लागले. म्हणजे इथे ज्यांची ओळख त्यांच्या शनिवारावरून होत होती, त्यांना तिथे त्या शनिवाराचाच पुरावा द्यावा लागला. तरीही त्यांची ‘कर’ ही आडनावे टिकली, आणि त्या देशातून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. पेणकर आडनावाचे मूल हिब्रू शाळेत शिकते म्हणून त्याचे पेणशी नाते तुटले, असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. उलट आपल्याला त्याचे अप्रूप वाटते. मग बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, राहणाऱ्या मुलाने घरी नेपाळी बोलावे, यात आपण त्याचे परकेपण का शोधतो?

इथे वर्गातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण इथल्या मुलांचा वेळ जातो की नाही, याचे उत्तर तिच्यात आहे. नेपाळीही देवनागरीतच लिहितात. गावी दोन वर्षे शाळेत गेलेले मूल आपल्या फळ्यावरचा धडा घडाघडा वाचते, फक्त ‘ळ’ पाशी अडखळते. ते वाचते म्हणून शिक्षकाला वाटते की त्याला समजते. मग प्रश्न विचारला की ते गप्प राहते आणि त्याच्यावर ‘अप्रगत’ असा शेरा बसतो. खरे तर त्याला अक्षरे येतात आणि अर्थ येत नाही, तर शेजारच्या बाकावरच्या पहिलीतल्या मालवणी मुलाला अर्थ येतो आणि अक्षरे येत नाहीत. या दोघांना एकत्र बसवले की दोघेही शिकतात. मी हे वर्षानुवर्षे केले आहे आणि त्यात माझा वेगळा वेळ गेला नाही. अवघड ठरतात ती पश्चिम नेपाळच्या तराईतून आलेली, घरी थारू बोलणारी मुले. त्यांच्यासाठी नेपाळीही शाळेचीच भाषा असते. तिथे मी कमी पडले.

घटनेच्या आठव्या अनुसूचीत कोकणी आणि नेपाळी या दोन्ही भाषा १९९२ च्या एकाच घटनादुरुस्तीने, मणिपुरीसोबत, आल्या. म्हणजे त्या मुलाची भाषा आपल्या देशाच्या भाषांपैकीही एक आहे.

कमी पटाच्या शाळांत ही मुले आली की शाळा टिकते, असेही मी मूळ लेखात लिहिले होते. तो मुद्दा मी मागे घेते. आपली शाळा वाचवणे हे त्या मुलांचे काम नाही.

‘मोठेपणी ती स्वतःला कुठली म्हणवतील?’ असे आपण शेवटी विचारलेत. याचे उत्तर मी देऊ नये, असे मला वाटते. एकदा त्यांच्या वतीने रकाना भरून मी पाहिले आहे. मूळ लेखातले ‘ते आपले झाले’ हे वाक्य मी आज बदलले. तिथे आता एवढेच आहे की, तो मुलगा माझ्याशी मालवणीत बोलतो आणि आईशी नेपाळीत.